एंडॉर्फिन आहे, म्हणून मॉर्फिन नको?

भोपाळच्या बड्या तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या तोंडी हल्ली 'एंडॉर्फिन' असते, म्हणजे शरीरातच तयार होणारे वेदनाशामक रसायन. धावा, एंडॉर्फिन सुटेल. खदखदून हसा, सुटेल. १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत हास्य क्लब काढला आणि असे हसणे देशभरच्या बागांत पोचले. इथवर कुणाचे काही बिघडत नाही. पण 'औषध शरीरातच आहे, गोळ्या कशाला?' हा उपदेश कॅन्सरच्या रुग्णाच्या खाटेपर्यंत जातो, तेव्हा त्याला हटकायलाच हवे.

मुळात धावण्यातल्या आनंदाचे श्रेय एंडॉर्फिनला देणेच घाईचे आहे. रक्तातले एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात धावणाऱ्यांना नाल्ट्रेक्सोन देऊन ओपिऑइडची, म्हणजे एंडॉर्फिन-मॉर्फिनच्या जातीच्या रसायनांची, वाट अडवली, तरी त्यांना धुंदी चढायची ती चढलीच.

मग सगळे थोतांड? तसेही नाही. १९७५ साली अ‍ॅबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टर्लिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन हे शरीरातलेच ओपिऑइड वेगळे काढून दाखवले. १९७८ चा कॅलिफोर्नियातला प्रयोग तर आणखी मासलेवाईक. अक्कलदाढ काढलेल्यांना औषध म्हणून खोटेच इंजेक्शन दिले, काहींचा ठणका कमी झाला. ओपिऑइडची वाट अडवणारे नालोक्सोन टोचताच तो पुन्हा वाढला. म्हणजे नुसत्या विश्वासाने मिळालेल्या आरामामागेही शरीरातलेच ओपिऑइड होते. 'मनाचे खेळ' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे वाचावे.

मनाच्या आजारांत मात्र हाती फारसे लागलेले नाही. उदासीत डायनॉर्फिन या शरीरातल्याच दुसऱ्या ओपिऑइडचा हात असावा, या तर्कावर बेतलेले अ‍ॅटिकाप्रॅन्ट हे औषध नैराश्यावर पुरेसे लागू पडले नाही. तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या २०२५ च्या मार्चमध्ये थांबल्या.

यश मिळाले ते भलत्याच ठिकाणी, पोटात. पोराला जुलाब लागले की पाण्यात कालवून पाजतात ती रेसकॅडोट्रिलची पुडी आठवावी. एन्केफॅलिन मोडणाऱ्या एन्झाइमला ती आतड्यात अडवते. त्यामुळे एन्केफॅलिन जास्त वेळ टिकते आणि आतड्यात पाझरणारे पाणी घटते. मेंदूपर्यंत ती फारशी जात नाही, म्हणून झिंग नाही की सवय नाही. शरीरातल्या ओपिऑइडचा खरा उपयोग असा, नेमक्या जागी आणि मोजूनमापून होतो.

हाडात उतरलेल्या कॅन्सरपुढे मात्र शरीराची ही शिबंदी अपुरी पडते. तिथे मॉर्फिन लागते, आणि ते बसते एंडॉर्फिनच्याच रिसेप्टरवर. एकाला निसर्ग आणि दुसऱ्याला विष ठरवणारी वाटणी शास्त्रातली नव्हे. देखरेखीखाली, ठरल्या वेळी तोंडाने दिलेले मॉर्फिन दुखणे आटोक्यात ठेवते. बद्धकोष्ठ होते, त्यावरचे औषध डॉक्टर जोडीला देतात.

हे सारे मध्य प्रदेशात सांगावे लागते, याची गंमत वाटते आणि चीडही येते. मंदसौर, नीमच, रतलामच्या शेतांत परवान्याने अफू पिकते, बोंडांना चिरा देऊन चीक गोळा होतो आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात जातो. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर त्याच चिकातले मॉर्फिन दवाखान्यात आणणे परवान्यांच्या जंजाळात अडकले. २०१४ च्या दुरुस्तीने देशभर एकच नियम लागू करण्याची वाट मोकळी झाली. तरी चिठ्ठीवर मॉर्फिन दिसले की नातलग दबकत विचारतात, 'म्हणजे आता संपलंच का?' आणि भेटायला आलेला कुणीतरी सांगतो, त्यापेक्षा प्राणायाम करून बघा.