पहिली दहा माणसं

सौंसरजवळच्या रामाकोन्याचं स्टेशन पाहिलं की मला कुंडल रोड आठवतं. आजच्या सांगली जिल्ह्यातलं, तेव्हा औंध संस्थानात मोडणारं ते एक लहानसं स्टेशन होतं. बेळगावात नगरपालिकेला नवी वसाहत करायची होती, म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांना तिथला नांगरांचा कारखाना हलवावा लागला. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना या स्टेशनालगतचा बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. मार्च १९१० मध्ये पंचवीसेक कामगार बायकापोरांसह त्या निवडुंगाच्या, सापाविंचवांच्या रानात येऊन राहिले; तीच पुढची किर्लोस्करवाडी. आज आपण ज्याला स्टार्टअप म्हणतो, त्याची मराठी मुलखातली याहून खडतर सुरुवात मला माहीत नाही.

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातले तरुण आता नोकरीसाठी नागपूरची गाडी धरण्याआधी स्वतःच्या कंपनीचा विचार करतात. संत्र्याची प्रतवारी, रस, थेट शहरात विक्री असं काहीबाही डोक्यात असतं. त्यांच्या बोलण्यात भांडवल असतं, मशीन असतं, अ‍ॅप असतं. ‘कंपनी कल्चर’चा विषय काढला की उत्तर ठरलेलं : ते नंतर बघू, पन्नास माणसं होऊ द्या आधी. माझं म्हणणं असं, की पन्नास माणसं होईपर्यंत ते ठरून गेलेलं असतं. पहिली दहा माणसं कोणती निवडली, पैसा अडला तेव्हा त्यांच्याशी कसं वागलात, यावर पुढची सगळी रीत बसते.

लक्ष्मणरावांनी निवडलेली माणसं बघा. शंभूराव जांभेकर व्यवस्थापक होते आणि यंत्रावर स्वतः हातही काळे करत. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. अनंतराव फळणीकर शाळेत फारसे चमकले नव्हते, पण त्यांच्या डोक्यातल्या कल्पकतेवर लक्ष्मणरावांचा जीव जडला. वस्तीची आखणी आणि कारभार थोरले बंधू रामूअण्णांनी सांभाळला. वस्तीच्या राखणीला शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली, आणि वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही हे ठरवून टाकलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात हे निर्णय फुकटात होत नव्हते. कामगार बिथरले असते, नातेवाईक तुटले असते. तरीही ते सुरुवातीलाच घेतले, म्हणून पुढे आलेल्या माणसाला तीच इथली रीत वाटली.

१९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याचं हे छोटंसं पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन घराघरात गेलं. नांगर करणाऱ्या कंपनीला आपल्या बातम्या आणि विचार छापून लोकांपुढे ठेवावेसे वाटले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. ज्या कंपनीत बातमी फक्त मालकाच्या खोलीत असते, तिथे बाहेर अफवाच पिकतात.

आता आपल्या मातीतलं. संत्र्याच्या धंद्यात कंपनीचं चारित्र्य कळायला एकच जागा पुरे : प्रतवारीचा ओटा. तोडणी झाली, माल आला, बाया खाली बसून फळं निवडताहेत. रात्री ट्रक निघायचा आहे आणि शेवटचे वीस क्रेट भरत नाहीत. अशा वेळी मालकाचा मुलगा म्हणतो, ‘टाका नं वं खाली, वरून मोठी लावा.’ त्या क्षणी ओट्यावरच्या बाईला ‘हे फळ जाणार नाही’ म्हणायचा अधिकार आहे का? असला, तर त्या कंपनीला भिंतीवर ध्येयवाक्य रंगवायची गरज नाही. नसला, तर तिथल्या प्रत्येकाला एक धडा मिळाला : इथे गिऱ्हाईकाला फसवणं चालतं. आणि गिऱ्हाईकाला फसवणं चालतं तिथे आठवड्याभरात हजेरीही खोटी लागते, वजनही खोटं होतं.

प्रतीबाबत असा ठामपणा दाखवला मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी. त्यांनी १९५९ साली ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. पैशाची सगळ्यात जास्त चणचण होती तेव्हा त्यांनी ते ऐकलं. पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून पापड वाळेनात, काम बंद ठेवावं लागलं; पुढच्या वर्षी खाट आणि शेगडी आणून खाटेखाली शेगडी ठेवून पापड वाळवले. पण प्रत एकच राहिली.

किर्लोस्करवाडीबद्दल मनात पूर्ण आदर ठेवूनही मला लिज्जतची रीत जास्त पटते. वाडी उभी राहिली ती मालकाच्या चांगुलपणावर. मालक लक्ष्मणरावांसारखा असेल तोवर ठीक. दरवेळी तसा मिळत नाही. लिज्जतमध्ये लाटणारी प्रत्येक बाई भगिनी आहे, मालकीण आहे, नफ्यातोट्यात तिचा वाटा आहे. हे कुणाच्या स्वभावावर सोडलेलं नाही, नियमात आहे. २००३ पासून कायद्याने शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येते. पण आपल्याकडे भागधारकांच्या यादीत बागायतदार असतात. ओट्यावर बसणाऱ्या मजूर बाईचं नाव त्यात सहसा नसतं. तिला हंगामाच्या शेवटी नफ्यातला ठरलेला वाटा का देऊ नये? माल तिच्याच नजरेने पास होतो.

गावातल्या कंपनीची दुसरी अडचण शहरातल्या पुस्तकांत सापडत नाही. इथे भागीदार म्हणजे चुलतभाऊ, मामेभाऊ नाहीतर शाळासोबती. ‘आपलाच माणूस हाय, लिहाचं कायले?’ म्हणून कागद होत नाही. कोण किती पैसे घालतो, कोण पूर्ण वेळ राबतो, कोण फक्त नावाला आहे, सगळं तोंडी. पहिल्या वर्षी भाव चांगला मिळाला की कुणी बोलत नाही. दुसऱ्या वर्षी फळगळ झाली, भाव पडला, की तेच भाऊ एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत. कागद म्हणजे अविश्वास ही समजूत या भागातून गेली पाहिजे. नातं टिकवायचं असेल तर हिशेब लिहिलेला हवा. माझ्या मते कल्चरची सुरुवातच तिथून होते.

‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्यही जपून वापरावं. ते ज्याच्या तोंडी असतं, तोच बहुधा आठवड्याचा पगार पुढच्या बाजारावर ढकलतो. मजुरीचा दिवस ठरलेला असावा, आणि पैसे कमी पडले तर आधी मालकाने आपला हात आखडता घ्यावा. गावात हे लपत नाही. तुमच्या ओट्यावरची बाई आठवडी बाजारात भाजी घेते, तिथे तुमच्या कंपनीचं खरं नाव दर बाजाराला घडतं किंवा बिघडतं. सौंसरजवळ बोरगावला औद्योगिक वसाहत आहे, रेमंडसारखा मोठा कारखाना आहे. चांगल्या कामगाराला जायला दुसरं दार आहे. पगारात तुम्ही त्यांची बरोबरी करू शकणार नाही. वागणुकीत करू शकता.

२०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात नव्या कंपन्या निघतील, निघायलाच हव्यात. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी दिवाळीच्या आगेमागे भरात येते. ज्या तरुणांनी या हंगामात काम सुरू करायचं ठरवलं आहे, त्यांनी ट्रक ठरवण्याआधी भागीदारीचा कागद करावा, मजुरीचा दिवस ठरवावा, आणि फळ नाकारायचा अधिकार ओट्यावरच्या बाईला सगळ्यांसमोर देऊन टाकावा.