वनांतील नदीकांठचे तंबू

2013 सालीं कोका अभयारण्य घोषित झालें, तेव्हांपासून भंडाऱ्याच्या वनाकडे शहरवासीयांचें लक्ष अधिक वेधलें आहे. त्यांनीं नदीकांठीं तंबू ठोकून चार रात्री काढाव्या, हें आम्हांस अनिष्ट वाटत नाहीं. ज्या वनांतून आपल्या तलाव-बोड्यांत पाणी उतरतें, त्याची ओळख त्यांनाहि व्हावी. भीति आहे ती रात्रीच्या शेकोटीची. 8 एप्रिल 2021 रोजीं शेजारच्या नागझिऱ्यांतील वणव्यांत तीन वनमजूर प्राणांस मुकले. वणवा कशानेंहि लागो, त्याची किंमत अशी द्यावी लागते. मोहफुलें वेंचण्यासाठीं झाडाखालचा पाला जाळण्याची आपल्यांतील चालहि तितकीच घातक आहे. पाहुण्यांस उपदेश करण्यापूर्वीं ती आपण सोडली पाहिजे.

यास्तव आमची सूचना अशी कीं, तंबूंस जागा वनांत न देतां वनालगतच्या आपल्या बांध्यांत द्यावी. धानाची कापणी उरकल्यावर, जेथें लाखोळी वा उन्हाळी धान नाहीं, तेथें जमीन मोकळीच असते. चुलीची जागा शेतमालकानें नेमावी, निजण्यापूर्वीं ती पाण्यानें विझवावी, आणि 15 फेब्रुवारीस वणव्याचा हंगाम लागतांच उघड्यावर विस्तव मुळींच करूं देऊं नये. असें केल्यास भाडें शेतकऱ्याच्या घरीं येईल, आणि वनहि राखलें जाईल.