वरून जाणाऱ्यांना खड्डे दिसत नाहीत

गेल्या आठवड्यापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. अमेरिकेतला एक गृहस्थ सकाळी घराशेजारच्या हँगरमधून स्वतःचं छोटं विमान बाहेर काढतो आणि वीसेक मिनिटांत ऑफिसजवळच्या धावपट्टीवर उतरतो. मध्ये खाली हायवेवरची गाड्यांची रांगही दाखवतो. त्यावर आपल्या मंडळींच्या प्रतिक्रिया: "आपल्याकडे कधी?", "हिंजवडीला हेलिपॅड झालंच पाहिजे", "एअर टॅक्सी आली की सुटलो बाबा!"

मी रोज भूगावहून हिंजवडीला जाते. अठरा-वीस किलोमीटर. कधी एक तास, कधी दीड, पावसाळ्यात विचारूच नका. त्यामुळे हा वैताग मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तरीही स्पष्ट सांगते, हे आपल्याकडे येऊ नये. आलंच तर त्याला सरकारी जमीन आणि सरकारी पैसा मिळू नये. का, ते सांगते. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

आधी त्या व्हिडिओतल्या माणसाला न्याय देऊ. अमेरिकेत सर्वांसाठी खुले असलेले पाचेक हजार विमानतळ आहेत. त्यातले बहुतेक आपल्या एसटी स्टँडसारखे, छोटे आणि शांत. काही ठिकाणी तर धावपट्टीभोवतीच बंगले बांधलेत. फ्लोरिडातलं स्प्रूस क्रीक हे त्यातलं प्रसिद्ध नाव. तिथे गॅरेजमध्ये गाडी असते तसं विमान असतं. अफाट जमीन आणि विरळ वस्ती असलेल्या देशात एखाद्याने हा छंद स्वतःच्या पैशाने केला तर माझी काहीच हरकत नाही.

आता हेच पुण्यात आणून बघू. भावनेने नको, हिशोबाने.

सेस्ना १७२ हे जगातलं सगळ्यात जास्त खपलेलं छोटं विमान. चालवणारा धरून चार सीट. समजा हिंजवडीच्या शेजारी आपण एक धावपट्टी बांधली. उदार होऊन धरू की तिथे दर मिनिटाला एक विमान उतरतं आणि प्रत्येक विमान गच्च भरलेलं आहे. तासाला ६० विमानं, २४० माणसं.

२४० माणसं म्हणजे पीएमपीच्या चार-पाच बस. बास! एवढ्यासाठी धावपट्टी, टॉवर, अग्निशमन, सुरक्षा आणि आजूबाजूच्या इमारतींच्या उंचीवर निर्बंध. शिवाय ही विमानं संध्याकाळपर्यंत उभी कुठे राहणार? या विमानाचे पंख ११ मीटर आणि लांबी सव्वाआठ मीटर. एका विमानाच्या जागेत सात मोटारी आरामात लागतात. म्हणजे २४० माणसांसाठी ४२० मोटारींचं पार्किंग. आणि उतरल्यावर ऑफिसपर्यंत जायला कॅब हवीच, ती त्याच कोंडीत अडकणार.

"अहो पण आता विमान नाही, एअर टॅक्सी येतेय. बॅटरीवर चालते, सरळ वर उठते." बरं, तिचाही हिशोब करू. इंडिगोची मूळ कंपनी इंटरग्लोब आणि अमेरिकेतली आर्चर यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं होतं की कनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटांत नेऊ. विमानं २००, प्रत्येकात पायलट सोडून चार प्रवासी. म्हणजे सगळा ताफा एकाच वेळी हवेत गेला तरी ८०० माणसं. त्याच दिल्लीत मेट्रोवर रोज साठ लाखांच्या वर प्रवास होतात. यातलं वाहतुकीचं उत्तर कोणतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आणि या धंद्याचा भरवसा म्हणाल तर जर्मनीतल्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर या दोन्ही गाजलेल्या कंपन्यांनी २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता आपलं आकाश. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. आपल्या देशात छोटं विमान उडवायचं तरी फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो, हवाई संरक्षणाच्या दृष्टीने वेगळी परवानगी लागते. स्कूटर काढली आणि निघालो, असं ते प्रकरण नाही. आणि आपल्या पश्चिमेला सह्याद्री आहे. जून ते सप्टेंबर घाटात काय असतं हे मुळशीकरांना मी काय सांगणार? २४ ऑगस्ट २०२४ ला जुहूहून हैदराबादला निघालेलं हेलिकॉप्टर पौडजवळ पडलं. नशिबाने चौघेही वाचले. जेमतेम सव्वा महिन्यात, २ ऑक्टोबरला सकाळी, बावधनजवळ दुसरं पडलं. दोन पायलट आणि एक इंजिनिअर जागीच गेले. ते जुहूला निघालं होतं, एका नेत्याला घ्यायला. दोन्ही जागा आमच्याच पट्ट्यातल्या. तेव्हा "वरून गेलं की धोका नाही" हे निदान आम्हाला सांगू नका.

पण मित्रांनो, माझा खरा मुद्दा पैशाचा नाही आणि अपघाताचाही नाही. खरा मुद्दा चांदणी चौकाचा आहे.

आठवतंय ना? चांदणी चौकाच्या कामाचं भूमिपूजन २०१७ चं. त्यानंतर काय चाललं होतं? भूसंपादन, बैठका, पाहणी, पुन्हा बैठका. आम्ही रोज त्या अरुंद पुलाखाली तास तास काढत होतो. तक्रारी केल्या, निवेदनं दिली, फोटो टाकले. हालचाल मुंगीच्या पावलाने. मग ऑगस्ट २०२२ च्या शेवटी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याहून मुंबईला जाताना तिथे अडकले. गाड्यांचा ताफा थांबला. लोकांनी तिथेच त्यांना गाठून गाऱ्हाणं सांगितलं. पुढे काय झालं? २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री स्फोटकं लावून जुना पूल पाडला. १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या उड्डाणपुलाचं उद्घाटन झालं.

पाच वर्षं एकीकडे, पाच आठवडे एकीकडे. फरक कशाने पडला? नवीन तंत्रज्ञान आलं का? निधीचा पाऊस पडला का? नाही. ज्याच्या एका फोनवर अधिकारी उभे राहतात असा माणूस आमच्याबरोबर त्याच कोंडीत उभा राहिला. एवढंच.

आता विचार करा, त्या दिवशी ते हेलिकॉप्टरने गेले असते तर?

म्हणूनच मला या हवाई स्वप्नाची भीती वाटते. शहरातला रस्ता कुणामुळे सुधारतो? तुमच्या-माझ्या ट्वीटमुळे फार कमी. कंपनीचा मालक अडकतो, आमदार अडकतो, आयुक्त अडकतात, बिल्डरचं गिऱ्हाईक साइटवर पोचत नाही, तेव्हा सुधारतो. ही मंडळी कोंडीत असणं हाच आपल्याकडे उरलेला दबाव आहे. त्यांना वरून जायची वाट करून दिली की तो दबाव संपला. मग खालच्या खड्ड्याला वाली कोण?

आपल्या सरकारी शाळांचं काय झालं? ज्यांच्या शब्दाला वजन होतं त्यांनी पोरं काढून घेतली, मग शाळेचं छत गळतंय हे सांगायला मोठ्या आवाजाचं कुणी उरलं नाही. पाण्याचंही तेच. टँकर परवडणाऱ्यांनी टँकर घेतला आणि नळाच्या पाण्यासाठी भांडायचं सोडून दिलं. रस्त्याचं तेवढं होऊ शकलं नव्हतं, कारण कितीही भारी गाडी घेतली तरी ती डांबरावरूनच न्यावी लागते. मर्सिडीज असो की रिक्षा, वाकडच्या सिग्नलला दोन्ही शेजारी उभ्या. ही शेवटची समानता आहे, तीही आपण टाळ्या वाजवत घालवणार?

ज्यांनी हे आधी केलंय त्यांच्याकडे बघा. ब्राझीलमधलं साओ पावलो हे हेलिकॉप्टरचं शहर म्हणून जगभर ओळखलं जातं. श्रीमंत माणसं एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जातात. खाली कोंडी संपली का? तिथल्या कोंडीच्या बातम्या आजही येतात. आणि २०२४ मध्ये स्टारबक्सच्या नव्या सीईओंना कॅलिफोर्नियातल्या घरून सिअ‍ॅटलच्या मुख्यालयात कंपनीच्या जेटने ये-जा करायची मुभा मिळाली. अंतर सोळाशे किलोमीटर. ज्या कंपनीने गिऱ्हाइकांच्या हातातली प्लॅस्टिकची नळी पर्यावरणासाठी काढून घेतली, तिच्या साहेबांना घर हलवायचा त्रास नको म्हणून जेट! नियम खालच्यांना, सवलत वरच्यांना.

आता कमेंटमध्ये जे येणार आहे त्याची उत्तरं आधीच देते.

"मोबाइलही आधी श्रीमंतांकडेच होता, नंतर सगळ्यांकडे आला." आला, कारण मोबाइल खिशात मावतो. तुमच्याकडे मोबाइल आला म्हणून माझ्या खिशातली जागा कमी होत नाही. विमानाला उतरायला जमीन लागते आणि ती वाढत नाही. धावपट्टीसाठी जमीन म्हणजे काय, हे पुरंदरच्या सात गावांतल्या अंजीर-सीताफळवाल्यांना विचारा. तो मोठा विमानतळ आहे, त्याची चर्चा वेगळी. पण जमीन आकाशातून पडत नाही, एवढं लक्षात ठेवा.

"जे वरून जातील त्यांच्या गाड्या तरी रस्त्यावरून कमी होतील." तासाला २४० माणसं. वाकडच्या पुलावर तुम्हाला तो फरक दिसला तर मला फोटो पाठवा.

"तुम्हाला परवडत नाही म्हणून जळता." असेल बाई. पण मी कुणाचं विमान जप्त करा म्हणत नाहीये. रुग्णाला न्यायला, पुरात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर हवंच. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर विसरलेलो नाही. प्रश्न रोज ऑफिसला जायचा आहे, आणि त्यासाठी माझ्या कराच्या पैशाने हेलिपॅड बांधायचं का, हा आहे.

मग मागायचं काय? बस मागा. मजेशीर नाही, व्हिडिओ व्हायरल होणार नाही, पण उत्तर तेच आहे. केंद्र सरकारच्या मापदंडानुसार एक लाख लोकसंख्येमागे ६० बस म्हणजे चांगली सेवा. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ४८ लाखांच्या वर होते. त्या जुन्या आकड्यानेसुद्धा २,९०० बस लागतात. पीएमपीकडे आहेत दोन हजारांच्या आसपास, आणि लोकसंख्या २०११ ला थांबलेली नाही. उलट जून २०२५ पासून किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं. म्हणजे जो माणूस कोंडी कमी करतोय त्याच्याकडून दुप्पट, आणि आपण हेलिपॅडची स्वप्नं बघायची.

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, हिंजवडी, चाकण, खराडीच्या बस पूर्ण होईपर्यंत एअर टॅक्सी किंवा हेलिपॅडसाठी महापालिकेची एक गुंठाही जमीन देऊ नये. दोन, बससाठी वेगळी लेन, निदान सकाळ-संध्याकाळ. तीन, आपले आमदार, खासदार, दोन्ही आयुक्त आणि आयटी कंपन्यांचे साइट हेड यांनी महिन्यातला एक आठवडा ताफा न घेता, रस्ता मोकळा न करून घेता, सकाळी नऊला हिंजवडीला जाऊन दाखवावं. फोटो काढायला नाही, वेळेवर पोचायला.

निवडणुकीत कुणी "पुण्याला एअर टॅक्सी आणू" म्हणालं तर टाळ्या वाजवू नका. एकच विचारा: साहेब, आज इथपर्यंत कसे आलात?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर आकडे घेऊन या, वाद घालू. शिव्या घेऊन येणाऱ्यांना ब्लॉक करेन, आधीच सांगते.