बहुमत आणि गव्हर्नरची मर्जी

सिंध हा प्रांत 1936 सालापर्यंत मुंबई इलाख्याचाच एक भाग होता आणि तेथील जमीनदार मुंबईच्या कायदेमंडळात येऊन आपल्या शेतसाऱ्याची गाऱ्हाणी मांडीत, ही गोष्ट महाराष्ट्राच्या स्मरणातून जवळजवळ लोपली आहे; तेव्हा त्याच कायदेमंडळात राजकारणाचे पहिले धडे गिरवून पुढे वेगळ्या झालेल्या सिंधचे दोनदा मुख्य प्रधान झालेले अल्लाबक्ष सुमरो आपल्या वाचकांना अपरिचित असावेत, यात नवल नाही.

अल्लाबक्ष काही तत्त्वचिंतक नव्हते. पीर, मीर आणि वडेरे यांच्या टोळ्यांत विभागलेल्या साठ सभासदांच्या विधिमंडळात हिंदू सभासदांचा पाठिंबा हेच त्यांच्या मंत्रिमंडळाचे मर्मस्थान होते, आणि 1939 साली सक्करच्या मंझिलगाह या इमारतीच्या मशिदीवरून पेटलेल्या वादात त्यांनी जी धरसोड केली, तिचे समर्थन करणे त्यांच्या चाहत्यांनाही कठीण जावे. परंतु मुस्लिम लीगच्या फाळणी मागणाऱ्या लाहोरच्या ठरावाला महिना लोटतो न लोटतो तोच, 1940 च्या एप्रिलात, दिल्लीच्या आझाद मुस्लिम परिषदेचे अध्यक्षस्थान स्वीकारून फाळणीच्या मागणीला उघड विरोध करणारा हाच गृहस्थ होता.

14 मे 1943 रोजी शिकारपूर येथे त्यांचा खून झाला, आणि त्या खुनाने सिंधचे भवितव्य पालटले असे म्हणण्याचा प्रघात आहे. मला हे मान्य नाही. भवितव्य पालटले ते त्याच्या सात महिने आधी, कराचीच्या गव्हर्नरांच्या दफ्तरात. 1942 च्या सप्टेंबरात, चले जाव चळवळीवरील दडपशाही ऐन भरात असता, अल्लाबक्षांनी ‘खानबहादूर’ आणि ओ. बी. ई. हे दोन्ही किताब व्हाइसरॉयांकडे परत पाठविले. ऑक्टोबरात गव्हर्नर सर ह्यू डौ यांनी, विधिमंडळाने अविश्वासाचा कसलाही ठराव केलेला नसताना, आपला विश्वास उरला नाही एवढ्याच सबबीवर त्यांना बडतर्फ केले. 1935 च्या कायद्याने मंत्र्यांची पदे गव्हर्नरांच्या मर्जीवर ठेवलीच होती. प्रांतिक स्वायत्ततेचा गाजावाजा करणाऱ्या साम्राज्याने ते कलम वापरण्यासाठी नेमका फाळणीविरोधी मुसलमान मुख्य प्रधान निवडावा, याला निव्वळ योगायोग म्हणायला मी तयार नाही.

पुढचा मार्ग मग निष्कंटक झाला. गुलाम हुसेन हिदायतुल्लांनी मंत्रिमंडळ बनविले आणि ते लवकरच मुस्लिम लीगच्या कळपात सामील झाले. 3 मार्च 1943 रोजी लीगचे नेते जी. एम. सय्यद यांनी मांडलेला पाकिस्तानच्या बाजूचा ठराव सिंधच्या विधिमंडळात संमत झाला. आणि आपल्याकडे फारसे न बोलले जाणारे प्रकरण असे की, या मंत्रिमंडळात हिंदू महासभेचे मंत्री होते, त्या युतीची भलामण महासभेचे अध्यक्ष सावरकर यांनी 1942 च्या कानपूर अधिवेशनात व्यवहारी राजकारण म्हणून केली होती, आणि तो ठराव संमत झाल्यावरही त्या मंत्र्यांनी आपल्या खुर्च्या सोडल्या नाहीत. अल्लाबक्षांनी किताब परत केले तेव्हा मात्र खुर्ची जाण्याचा धोका त्यांना पुरता ठाऊक होता.