चिपचा घाणा आणि सरकारी अनुदान

इंटेल कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांविषयी तक्रारी वाढू लागल्या, तेव्हा प्रथम संशय घेतला गेला तो मदरबोर्ड बनविणाऱ्यांचा. जुलै २०२४ मध्ये मात्र कंपनीला मान्य करावे लागले की, तिचाच मायक्रोकोड वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होता. त्याच सुमारास दुसरी गोष्टही बाहेर आली. तेराव्या पिढीच्या आरंभीच्या काही उत्पादनात थरांना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांचे ऑक्सिडीभवन झाले होते. हा दोष २०२३ मध्येच दूर केला असून थोड्याच तक्रारींशी त्याचा संबंध आहे, असे कंपनीचे म्हणणे. ग्राहकाच्या हाती पडलेला नग कोणत्या घाण्यातला, हे त्याने ओळखावे कसे? ऑगस्टमध्ये हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली. म्हणजे अज्ञानाचा खर्च अखेर उत्पादकाने उचलला, पण तोही बोभाटा झाल्यावर.

असे दोष शोधणे मुळातच बिकट असते. सिलिकॉनची चकती शेकडो प्रक्रियांतून जाते आणि त्यात कित्येक आठवडे लोटतात. एकाच चकतीच्या मध्यावरील व कडेवरील चिप्ससुद्धा सारख्या उतरत नाहीत. त्यामुळे मंद वा अस्थिर घाणा हाती आला की प्रत्येक चकती कोणत्या यंत्रातून, केव्हा गेली याच्या नोंदी ताडून सदोष चकत्यांचे समान यंत्र हुडकावे लागते. तेवढ्याने भागले नाही तर एक घाणा दोन हिश्शांत विभागून एकाच पायरीत बदल करावयाचा व परिणाम पाहावयाचा. हे काम कष्टाचे, आणि सर्वस्वी नोंदींच्या सचोटीवर अवलंबून असलेले. त्यातून वेगानुसार प्रतवारी झाल्यावर एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन नगांत सहनशक्तीचा फरक राहतो, तो वेगळाच!

या फरकाने बाजारपेठा फिरल्या आहेत. १९८० मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचे अधिकारी रिचर्ड अँडरसन यांनी जपानी व अमेरिकी पुरवठादारांच्या १६ के स्मृतिचिप्सची तुलना जाहीरपणे मांडली. तीत जपानी माल सरस ठरला. अमेरिकी उत्पादकांची प्रतिष्ठा त्या दिवशी जी ढासळली, ती सावरणे कठीण गेले; १९८५ मध्ये इंटेलने डीरॅमचा धंदाच सोडला. किमतींची लढाई त्यामागे होतीच. तथापि केवळ स्वस्ताईने जपानने बाजी मारली, हे म्हणणे सोयीचे असले तरी अपुरे आहे.

भारताला हा इतिहास परका नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने अर्धसंवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. धोलेरा येथील टाटा व तैवानच्या पॉवरचिप यांच्या प्रकल्पाला फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. अंदाजित गुंतवणूक ९१,००० कोटींची आणि क्षमता महिना ५०,००० चकत्यांची. केंद्राचे साहाय्य प्रकल्पखर्चाच्या निम्मे. म्हणजे पैसा इमारतीला व यंत्राला मिळतो, चांगल्या उतरलेल्या चिपला नव्हे! दुसऱ्यांसाठी चिप्स घडविणाऱ्या कारखान्याला तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो चकतीमागे किती नग खरे निघतात आणि घाण्याघाण्यांत किती फरक पडतो, हा. निम्मा भार उचलणाऱ्या करदात्याच्या वतीने हाच प्रश्न विचारण्याचा आणि नोंदी तपासण्याचा अधिकार सरकारने करारात राखून ठेवला आहे काय, याचा खुलासा संसदेत मागितला गेला पाहिजे.