फाशी रद्द झाली म्हणजे त्या सुटल्या का?

मागच्या महिन्यात आमच्या मावसभावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन बायकांचा फोटो आला. खाली लिहिले होते, 'लेकरांना मारणाऱ्या बहिणी फाशीतून सुटल्या!' पाठोपाठ रागाचे इमोजी. मीही एक टाकला. घरात चार वर्षांची मुलगी आहे, राग येणारच. पण रात्री झोप लागेना, म्हणून निकालपत्र उघडले.

रेणुका शिंदे आणि सीमा गावित. आई अंजनाबाईसह त्यांनी १९९० ते १९९६ या काळात वेगवेगळ्या शहरांतून तेरा मुले पळवल्याचा आरोप होता. धंदा गर्दीत चोरी करण्याचा. कडेवर मूल असले की बाईवर कुणाला संशय येत नाही, आणि पकडले गेलेच तर मूल पुढे करून सुटता येते. मूल नकोसे झाले की ते मारायचे. १९९६ साली अटक झाली. पुढच्याच वर्षी आई वारली, रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली फाशी सुनावली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच बालकांच्या खुनांसाठी ती कायम केली.

मग दयेचे अर्ज. राष्ट्रपतींनी ते २०१४ च्या जुलैत फेटाळले. दोघी उच्च न्यायालयात गेल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. कारण? अर्जांवर निर्णय व्हायला ७ वर्षे, १० महिने, १५ दिवस लागले. मुंबई उच्च न्यायालयाने याचे खापर राज्य सरकारच्या ढिसाळपणावर फोडले. झटपट इलेक्ट्रॉनिक संपर्काची साधने हाताशी असतानाही फाइल रखडली, हेही सांगितले. आमच्या कंपनीत ग्राहकाची साधी तक्रार चार तास पडून राहिली तरी स्क्रीन लाल होते, मॅनेजर विचारायला येतो. इथे पाच खुनांची फाइल आठ वर्षे रेंगाळली. आणि उच्च न्यायालयातली याचिकाही निकाली निघायला सात वर्षांहून अधिक काळ गेला.

दयेच्या अर्जावर अवाजवी विलंब झाला तर फाशी रद्द होऊ शकते, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या शत्रुघ्न चौहान खटल्यात स्पष्ट केला. रोज दोराकडे बघत वर्षानुवर्षे कोठडीत बसवणे ही कायद्याने न दिलेली वेगळी शिक्षा आहे. 'असल्यांना कसला आलाय अधिकार?' असे ग्रुपवर एकाने विचारले. मित्रांनो, हेच वाक्य आपल्या मोहल्ल्यातून कुणाला उचलले की टीव्हीवर ऐकू येते. तेव्हा आपण कलम २१ दाखवतो. ते या दोघींना लागू नसेल, तर आपल्या पोरालाही लागू होईल याची खात्री कोण देणार?

आणि 'सुटल्या' हे तर साफ खोटे. पंचवीस वर्षे तुरुंगात काढली, आता सोडा, ही मागणी उच्च न्यायालयाने मानली नाही. पुढे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवताना एक अट घातली : मरेपर्यंत तुरुंग, शिक्षेत कसलीही सूट नाही.

या सगळ्यात ती मुले मात्र मागे पडतात. फाशी की जन्मठेप यावर आपण तावातावाने भांडतो, पण सहा वर्षे ही मालिका चालू कशी राहिली, हे कुणी विचारत नाही. हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार एफआयआर म्हणून नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला आहे. पोलीस ठाण्याच्या बाकावर रडत बसलेल्या मजूर बाईला हे ठाऊक असेलच असे नाही. तुम्हाला आता ठाऊक झाले. तुमच्या गल्लीत असे घडले तर तिच्यासोबत जा आणि एफआयआरची प्रत हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.

मी ग्रुपवरचा माझा इमोजी काढला आणि हा आदेश टाकला. त्यावर अजून कुणी काही बोललेले नाही.