परमुलखांतील शिक्षक आणि व्यायामाची जागा

विद्यादानाच्या निमित्तानें परमुलखांत जाणें ही गोष्ट आतां आपल्या समाजांत नवलाची राहिलेली नाहीं. आखाती देशांतील शाळांतून आपल्याकडील कितीतरी शिक्षक व शिक्षिका आज शिकवीत आहेत. कोणी त्याहूनही दूरच्या देशीं गेले आहेत. आणि आज आमच्या शाळेच्या बांकांवर बसणाऱ्या मुलामुलींपैकीं कांहीं उद्यां त्याच वाटेनें जातील, याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं. अशी नोकरी पत्करतांना घरीं कोणती चर्चा होते? पगार किती, राहावयास जागा कशी, जेवणाखाण्याची सोय काय, सुटी केव्हां मिळणार, हे प्रश्न आईबाप विचारतात व ते विचारणें योग्यच आहे. परंतु "तेथें व्यायाम कोठें करशील?" हा प्रश्न कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. हा प्रश्न पहिल्या चार प्रश्नांत असावा, आणि त्याचें उत्तर शक्य तोंवर बंद खोलींत न शोधतां त्या गांवच्या लोकांत शोधावें, असें आमचें मत आहे. तें कां, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

पहिला आक्षेप आमच्या वडीलधाऱ्या वाचकांकडूनच येईल. ते म्हणतील, "व्यायामाला जागा कशाला हवी? चटईएवढी जमीन असली म्हणजे झालें!" या म्हणण्यांत तथ्य आहे. औंधचे अधिपति श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला व आपल्या संस्थानांतील शाळांतून ते सुरू केले. त्या व्यायामाचा मोठा गुण हाच कीं त्याला ना साधन लागतें, ना खर्च. जोर-बैठकांचेंही तेंच. हें भांडवल ज्यानें लहानपणीं मिळविलें आहे, त्याला कोणत्याही देशीं अगदींच निराधार होण्याचें कारण नाहीं. तथापि हें सत्याचें अर्धें अंग होय. परदेशांतील भाड्याची खोली बहुधा लहान असते, आणि खालच्या मजल्यावर शेजारी राहत असतो. त्याच्या डोक्यावर पहाटे बैठका काढणें सभ्यपणाचें नव्हे. शिवाय एकट्यानें केलेला निश्चय एकट्यालाच मोडतां येतो. आज थंडी फार, उद्यां वह्या तपासावयाच्या, परवां मनच लागत नाहीं, असें करतां करतां महिना निघून जातो, आणि विचारणारा कोणी नसतो. आपल्या तालमींत वस्तादांची नजर असते, जोडीदार वाट पाहत असतो. म्हणूनच तेथें पाऊल पडतें. व्यायामाला जमीन थोडी लागते हें खरें, पण सोबत पुष्कळ लागते.

दुसरें कारण शिक्षकाच्या व्यवसायांतच आहे. त्याचा दिवस उभ्यानें व बोलण्यांत जातो, आणि संध्याकाळ बसून लिहिण्यावाचण्यांत जाते. देशांत असतांना शाळा सुटल्यावर त्याला घर असतें, गल्ली असते, ओळखीचा दुकानदार असतो. परदेशांत शाळेबाहेर त्याला कोणी ओळखत नाहीं. शरीर थकतें त्यापेक्षां मन अधिक थकतें, आणि दोहोंचें औषध पुष्कळदां एकाच ठिकाणीं सांपडतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढ माणसांसाठीं आठवड्यास निदान १५० ते ३०० मिनिटें मध्यम प्रतीचा व्यायाम सांगितला आहे, व त्याखेरीज निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा असेंही सुचविलें आहे. दीडशें मिनिटें म्हणजे अडीच तास. सबंध आठवड्यांतून अडीच तास ज्याला मिळत नाहींत असा शिक्षक विरळा. तेव्हां अडचण वेळेची नसून ठिकाणाची व संगतीची आहे.

आतां एका देशाचें उदाहरण घेऊं, म्हणजे आमचें म्हणणें स्पष्ट होईल. जपानांत १९८७ सालापासून परदेशी तरुणांना तेथील शाळांत भाषा शिकविण्याच्या कामीं साह्यकर्ते म्हणून नेण्याची एक सरकारी योजना चालू आहे, आणि त्यांतील पुष्कळांची नेमणूक मोठ्या शहरीं न होतां लहान गांवीं होते. अशा गांवीं चकचकीत व्यायामगृह असेलच असें नाहीं. पण नगराची किंवा गांवाची सार्वजनिक व्यायामशाळा बहुतेक ठिकाणीं असते. तिला 'ताइइकुकान' म्हणतात. १९६१ सालीं त्या देशानें खेळांच्या उत्तेजनासाठीं कायदा केला, व शिक्षणास अडथळा न येईल अशा रीतीनें शाळांचीं क्रीडास्थानेंही सर्वसाधारण लोकांस वापरूं द्यावीं, असें धोरण ठेविलें. २०११ च्या नव्या कायद्यांतही तें कायम आहे. १९६४ सालीं तोकियो येथें ऑलिंपिक सामने झाले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १९६६ पासून व्यायाम व खेळ यांसाठीं एक राष्ट्रीय सुटी पाळण्यांत येऊं लागली. अर्थात् ज्या गोष्टीसाठीं परका शिक्षक खाजगी दुकान शोधीत फिरतो, ती त्याच्या शाळेशेजारीं थोडक्या शुल्कांत पुष्कळदां मिळण्यासारखी असते. नगरकचेरींत जाऊन विचारण्याचेंच काय तें काम.

तेथें कांहीं शिस्त पाळावी लागते. बाहेरचे जोडे दारींच काढून आंत वापरावयाचे वेगळे जोडे घालावे लागतात. यंत्रसाधनें वापरण्यापूर्वीं अनेक ठिकाणीं एकदां माहितीचा पाठ घ्यावा लागतो. पोहण्याच्या तलावांत टोपी घातल्यावांचून बहुधा उतरूं देत नाहींत. नवख्यास हा जाच वाटेल. पण जो शिक्षक वर्गांत मुलांकडून नियम पाळवून घेतो, त्यानें दुसऱ्याचे नियम शिकण्यांत कमीपणा मानूं नये. किंबहुना चार अनोळखी माणसांसमोर आपण चुकत चुकत शिकणें हा शिक्षकाला अत्यंत हितकर असा अनुभव आहे; वर्गांतील मंद मुलाचें दुःख त्यास तेथें कळूं लागतें.

त्याच देशांत 'राजिओ ताइसो' म्हणजे आकाशवाणीवरील कवायत आहे. ती १९२८ सालीं अमेरिकेंतील एका विमा कंपनीच्या उपक्रमावरून सुरू झाली, महायुद्धानंतर कांहीं काळ बंद पडली, आणि १९५१ पासून नव्या रूपानें पुन्हा चालू आहे. सकाळीं साडेसहा वाजतां वाद्य वाजूं लागतें. पहिल्या कवायतींत तेरा हालचाली असतात व तीस तीन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ लागतो. उन्हाळ्याच्या सुटींत मुलें बागेंत जमतात आणि हजेरीच्या कार्डावर शिक्का घेतात. येथें भाषा यावी लागत नाहीं. पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थाचे हात वर गेले कीं आपले वर न्यावे, एवढेंच. ज्या बागेंत आठवडाभर शिक्षक उभा राहिला, त्या बागेंत तो परका राहत नाहीं.

ही ओळख केवळ मनोरंजनाची नाहीं. जपान हा भूकंपाचा देश आहे, आणि तेथील शाळांचीं व्यायामगृहें हींच संकटकाळीं लोकांचीं आश्रयस्थानें होतात. २०११ च्या मार्च महिन्यांतील भूकंप व समुद्राची लाट यांनंतर असंख्य कुटुंबांनीं तेथेंच रात्री काढल्या. ज्या शिक्षकास त्या दालनाचा दरवाजा व तेथें येणारीं माणसें ठाऊक आहेत, आणि ज्याला तीं माणसें नांवानें ओळखतात, तो अशा रात्रीं एकटा पडत नाहीं. मुलाला परदेशीं धाडणाऱ्या आईबापांनीं या गोष्टीचा विचार अवश्य करावा.

खाजगी व्यायामगृहांची आम्ही निंदा करीत नाहीं. कित्येक ठिकाणीं तीं रात्रंदिवस उघडीं असतात, साधनें उत्तम असतात, आणि ज्याच्या कामाच्या वेळा विचित्र त्याला दुसरा मार्गच नसतो. विशेषतः एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेनें अंधाऱ्या रस्त्यावर धावण्यापेक्षां दिवे व देखरेख असलेल्या जागेसाठीं चार पैसे अधिक खर्चणें शहाणपणाचें आहे. तेथें आमचा नियम बाजूला ठेवावा. मात्र परक्या भाषेंतील करारपत्र समजून घेतल्यावांचून वर्षाच्या वर्गणीवर सही करूं नये. शाळेंतील एखाद्या वडील सहकाऱ्यास सोबत न्यावें. आणि कानांत गाणें घालून, कोणाशीं एक शब्द न बोलतां, भिंतीकडे तोंड करून तास काढणें हा व्यायाम असला तरी प्रवासाचें फळ नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें.

आमच्या मताला इतिहासाचा आधार आहे. १८७२ सालीं तोकियो येथील ज्या शाळेचें पुढें विद्यापीठांत रूपांतर झालें, त्या शाळेंत होरेस विल्सन नांवाचा अमेरिकन शिक्षक शिकवीत होता. त्यानें विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकविला. आज त्या खेळाचें जपानांत केवढें प्रस्थ आहे हें सर्वांस ठाऊक आहे, आणि २००३ सालीं त्या देशानें बेसबॉलच्या गौरवमंदिरांत विल्सनचें नांव घातलें. त्याच शहरीं फ्रेडरिक स्ट्रेंज या इंग्रज शिक्षकानें १८८३ सालीं विद्यार्थ्यांच्या धावण्याउडण्याच्या शर्यती भरविल्या. उलट बाजूही पाहावी. लाफ्कादिओ हर्न हा लेखक कुमामोतो येथें इंग्रजी शिकवीत असतां तेथील मुख्याध्यापक ज्यूडोचे जनक कानो जिगोरो हे होते. हर्ननें शाळेंतील त्या विद्येचें निरीक्षण करून त्यावर दीर्घ निबंध लिहिला. याच कानोंनीं १८८२ सालीं आपली ज्यूडोची शाळा एका मंदिरांतील बारा चटयांच्या जागेंत सुरू केली होती. आणि बास्केटबॉल? कॅनडांत जन्मलेला जेम्स नेस्मिथ अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत शिकवीत होता. १८९१ च्या डिसेंबरांत हिंवाळ्यामुळें मैदान बंद, आणि घरांतील कवायतीला अठरा विद्यार्थी कंटाळलेले! त्यानें सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले, आणि जगाला एक खेळ मिळाला. आज मिशनच्या कितीतरी शाळांच्या पटांगणांत जो खेळ चालतो, तो परमुलखांतील एका शिक्षकाच्या जागेच्या अडचणींतून निघाला आहे.

देशपरत्वें साधन बदलेल. आखाती देशांत उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपुढें जातो. तेथें पहाट, रात्र किंवा छपराखालची जागा धरली पाहिजे. पण हिंवाळ्यांत समुद्रकांठचे रुंद रस्ते चालणाऱ्यांनीं भरतात, आणि कतारमध्यें तर २०१२ पासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारीं खेळांसाठीं राष्ट्रीय सुटी असते. चीनमध्यें संध्याकाळीं चौकाचौकांत स्त्रिया समूहानें नृत्यव्यायाम करतात. कोरियांत गांवालगतच्या टेकडीवर चढणें हाच वृद्धांचा नित्यक्रम असून वाटेवर लोखंडी साधनेंही उभीं असतात. प्रत्येक देशानें आपली तालीम कोठें तरी ठेविली आहे. ती शोधण्याची दृष्टि मात्र हवी.

आतां हाच प्रश्न उलटून स्वतःस विचारूं. परप्रांतांतून वा परदेशांतून एखादा शिक्षक आपल्या गांवीं आला, तर त्यानें कोणत्या दारावर जावें? बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें प्रत्येक शाळेस क्रीडांगण असावें असें सांगितलें आहे. पण शेवटची घंटा झाली कीं पुष्कळ शाळांच्या फाटकांस कुलूप लागतें. आपल्या तालमी जुन्या व नांवाजलेल्या आहेत. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनपर्यंत जाऊन देशी खेळ दाखविले. परंतु ज्यांचे खेळ बर्लिनला गेले, त्यांच्या आखाड्यांत आलेल्या परक्याला किंवा एखाद्या मुलीला "आंत या" असें कितीजण म्हणतात? शाळेच्या चालकांनीं सकाळसंध्याकाळ एकेक तास, एका जबाबदार माणसाच्या देखरेखीखालीं, पटांगण गांवासाठीं उघडें ठेवावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. मोडतोड होईल, कटकटी होतील, हें आम्ही जाणतों. पालकांनीं पाळीपाळीनें देखरेखीचें काम पत्करल्यास तें ओझें पुष्कळ हलकें होईल.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें दोन गोष्टींचें आहे. एक, जो व्यायाम पेटींत न भरतां कोठेंही नेतां येतो, तो आजच अंगीं मुरवून घ्या. नमस्कार असोत, दोरीच्या उड्या असोत, कीं लेझीम असो. दुसरें, मैदानाच्या कडेला कोणी अनोळखी मनुष्य उभा राहून खेळ पाहत असेल, तर त्याला खेळांत घ्या. उद्यां तुम्ही परक्या गांवीं फाटकाशीं उभे असाल, तेव्हां कोणी तरी तुम्हांसही तसेंच बोलवावें, अशी इच्छा तुम्हांला होणारच आहे.